टॅम्बर : स्वर तोच, आवाज वेगळा

गाण्याबद्दल, वाद्यांबद्दल किंवा कादंबरीतल्या पात्राच्या बोलण्याबद्दल इंग्रजीत वाचताना टी-आय-एम-बी-आर-ई या स्पेलिंगचा शब्द हमखास भेटतो. शब्दकोशात पाहावे तर 'आवाजाचा गुणधर्म' असे मोघम काहीतरी मिळते आणि वाचणारा होता तिथेच राहतो. प्रश्न असे आहेत: याचा उच्चार काय, टोन आणि पिच (स्वराची उंची) यांच्यापासून हा वेगळा कसा, तो कुठे वापरायचा आणि मराठीत त्याला काय म्हणायचे. मी ध्वनिमुद्रणाचे काम करतो आणि तांत्रिक मजकूर मराठीत आणण्याचेही. दोन्हीकडे हा शब्द रोज लागतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी उच्चार. तो 'टॅम्बर' असा आहे. इमारती लाकडाला इंग्रजीत टिंबर म्हणतात, पण त्याच्या शेवटी ई-आर येते, याच्या शेवटी आर-ई. अमेरिकेत आपल्या शब्दाचाही 'टिंबर' असा उच्चार काही जण करतात आणि तिथल्या शब्दकोशांत त्याची नोंद आहे. तरी 'टॅम्बर' म्हटले तर कुठेही अडत नाही. शब्द फ्रेंचमधून आला आणि त्याचे मूळ ग्रीकमधल्या ढोलाच्या नावात आहे. जुन्या फ्रेंचमध्ये तो एका चर्मवाद्याचे नाव होता, पुढे हातोडीने ठोकून वाजवायच्या घंटेला तो लागला, मग घंटेच्या नादाला आणि शेवटी कुठल्याही आवाजाच्या अंगच्या वैशिष्ट्याला. त्याच शब्दाचा दुसरा फाटा ठसा, शिक्का असा गेला. टपालाच्या तिकिटाला फ्रेंचमध्ये आजही हाच शब्द आहे.

आता अर्थ. बासरीवर एक स्वर धरा. तोच स्वर, तितक्याच जोराने आणि तितकाच वेळ व्हायोलिनवर वाजवा. डोळे मिटून ऐकणारा माणूस संगीत अजिबात शिकलेला नसला तरी ही दोन वेगळी वाद्ये आहेत हे सांगेल. उंची सारखी, जोर सारखा, लांबी सारखी, तरीही जो फरक कानाला जाणवतो तो टॅम्बरचा. अमेरिकेतल्या मानक संस्थेने १९६० साली केलेली व्याख्या जवळपास याच शब्दांत आहे: सारख्याच उंचीचे आणि सारख्याच जोराचे दोन आवाज ऐकणाऱ्याला ज्या गुणामुळे वेगळे वाटतात तो गुण.

ही व्याख्या चुकीची नाही, पण टॅम्बर काय नाही एवढेच ती सांगते. श्रवणाच्या मानसशास्त्रात मोठे काम केलेले अल्बर्ट ब्रेगमन यांनी तिच्यावर याच कारणासाठी टीका केली होती. शिवाय कुजबुजीला ठरावीक उंची नसते. वाळूवर पडणाऱ्या पावलांना नसते, कागद फाडल्याच्या आवाजालाही नसते. 'सारख्या उंचीचे दोन आवाज' ही अट लावली तर हे सगळे व्याख्येबाहेर जातात, आणि तरीही कागद फाटला की कापड फाटले हे आपण न बघता सांगतो. म्हणून कामापुरती व्याख्या मी अशी करतो: आवाज कशातून निघाला आणि कसा निघाला हे कानाला ज्यावरून कळते ते टॅम्बर. शास्त्रीय काटेकोरपणात ती थोडी सैल आहे, पण वापर शिकताना तीच जास्त उपयोगी पडते.

हा फरक येतो कुठून? ४४० हर्ट्‌झचा (सेकंदाला ४४० कंपनांचा) स्वर वाजला म्हणजे एकटी ४४० कंपने कानावर येत नाहीत. त्यासोबत ८८०, १३२०, १७६० अशा पटींतली कंपनेही असतात. त्यांना हार्मोनिक्स म्हणतात, मराठीत संनादी किंवा उपस्वर. बासरीत मूळ स्वर ठळक आणि वरचे उपस्वर थोडे. व्हायोलिनमध्ये उपस्वरांची मोठी रांग. क्लॅरिनेटच्या खालच्या पट्टीत पहिला, तिसरा, पाचवा असे विषम उपस्वर जोरात आणि सम उपस्वर दबलेले, म्हणून तो आवाज पोकळ, लाकडी वाटतो. जर्मन शास्त्रज्ञ हेर्मान फॉन हेल्महोल्ट्‌झ यांनी १८६३मध्ये हे पद्धतशीर मांडले. त्यांच्याजवळ आजच्यासारखी इलेक्ट्रॉनिक उपकरणे नव्हती. त्यांनी निरनिराळ्या मापांचे पोकळ गोळे केले, एक तोंड हवेत उघडे आणि दुसरे निमुळते टोक कानात मेणाने घट्ट बसवलेले. प्रत्येक गोळा एकाच उंचीच्या कंपनाला दाद देई. असे गोळे बदलत बदलत त्यांनी एकेका आवाजातले उपस्वर वेगळे ऐकले.

हेल्महोल्ट्‌झ जर्मन शब्द वापरत तो 'ध्वनीचा रंग' अशा अर्थाचा. तो इंग्रजीत कसा आणायचा यावर त्या काळी बरीच ओढाताण झाली. भौतिकशास्त्रज्ञ जॉन टिंडल यांनी 'क्लँग-टिंट' असा नवा शब्द सुचवला, तो रुजला नाही. हेल्महोल्ट्‌झचे इंग्रजी भाषांतर करणाऱ्या अलेक्झांडर एलिस यांनी 'क्वालिटी ऑफ टोन' पसंत केले. अखेर फ्रेंच शब्दच टिकला, आणि त्याच्या जोडीला 'टोन कलर' हा प्रयोगही. दोन्हींचा अर्थ एकच.

पण उपस्वरांचे प्रमाण म्हणजेच टॅम्बर असे समजून थांबू नका. फार जणांचे वाचन इथेच थांबते. एक प्रयोग घरच्या संगणकावर करता येतो, आणि तो करून पाहावा असे मला मनापासून वाटते. पियानोचा एकच लांब स्वर रेकॉर्ड करा आणि ध्वनिसंपादनाच्या कुठल्याही साध्या सॉफ्टवेअरमध्ये तो उलटा फिरवा. उंची तीच राहते. एकूण स्वरात कुठला उपस्वर किती, हा हिशेबही तोच राहतो, कारण आपण फक्त दिशा बदलली. पण ऐकायला येते ते पियानो राहत नाही. हळूहळू फुगत जाणारा, भात्याच्या पेटीसारखा आवाज येतो आणि एकदम तुटतो. पियानोचे पियानोपण मोठ्या प्रमाणात त्या पहिल्या क्षणात असते, हातोडी तारेवर आदळते त्या आघातात, आणि नंतर स्वर ज्या गतीने विरत जातो त्यात. स्टुडिओत आम्ही या सुरुवातीला 'अटॅक' म्हणतो. वाद्यांच्या स्वरांचा अटॅक कापून टाकला तर ओळखीची वाद्येही ओळखताना लोक चुकतात, हे १९६०च्या दशकातल्या प्रयोगांत दिसून आले आहे. पुढे १९७०च्या दशकात जॉन ग्रे आणि डेव्हिड वेसल यांनी ऐकणाऱ्यांकडून आवाजांच्या जोड्या 'किती सारख्या, किती वेगळ्या' अशा ताडून घेऊन टॅम्बरचे नकाशे काढले. त्यातून दोन गोष्टी ठळकपणे वर आल्या: आवाजाचा झोत किती वरच्या कंपनांकडे झुकलेला आहे, म्हणजे तो किती 'ब्राइट' आहे, आणि तो उठतो किती चटकन.

आपल्या वाद्यांत टॅम्बरचा सर्वांत शुद्ध धडा तंबोऱ्याच्या जवारीत आहे. तार लागलेली आहे, छेडण्याचा जोर तोच आहे. घोडीवर, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीवर, तारेखाली सरकवलेला सुताचा बारीक दोरा किंचित पुढेमागे करायचा. एका ठिकाणी आवाज बद्द असतो, तार नुसती वाजते. दोरा केसभर सरकला की वरच्या उपस्वरांचा झणत्कार उठतो आणि जवारी खुलते. तारेचा स्वर होता तोच आहे. बदलला तो पोत. घोडीचा माथा सपाट धारेचा नसून हलका उताराचा असतो, तार कंप पावताना त्या उतारावर टेकत-सुटत राहते आणि त्यातून उपस्वर नव्याने उठत राहतात. एरवी तार ज्या बिंदूवर छेडली तिथे ज्या उपस्वरांचा स्थिर बिंदू येतो ते उपस्वर उमटू नयेत असा नियम आहे. तंबोऱ्यात तेही ऐकू येतात, हे चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२०च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवून दिले. टॅम्बर म्हणजे काय असे कोणी विचारले तर मी बोलण्याआधी तंबोरा हातात देईन.

आणि वाद्यही नसेल तर स्वतःचा गळा आहेच. एकच स्वर धरून 'आ' म्हणा आणि श्वास न तोडता 'ई'वर जा. उंची हलली नाही, जोर हलला नाही, तरी अक्षर बदलले. जे बदलले ते टॅम्बर. जीभ आणि जबडा हलल्याने तोंडाच्या पोकळीचा आकार बदलतो आणि वेगळ्या पट्ट्यातली कंपने उचलली जातात. या पट्ट्यांना फॉर्मंट म्हणतात. प्रौढ पुरुषाच्या 'आ'मध्ये पहिले दोन पट्टे ढोबळमानाने ७०० आणि ११०० हर्ट्‌झच्या आसपास असतात. 'ई'मध्ये पहिला ३००पर्यंत उतरतो आणि दुसरा २२००च्या पुढे जातो. म्हणजे आपण बोलतो तेव्हा सतत टॅम्बर बदलत असतो आणि ऐकणारा त्यातूनच अक्षरे वाचत असतो.

हेलियमचा फुगा तोंडात सोडून बोलण्याचा खेळ सर्वांनी पाहिला असेल. 'आवाज वरच्या पट्टीत गेला' असे त्याचे वर्णन सर्रास होते. ते बरोबर नाही. हेलियममध्ये ध्वनीचा वेग हवेतल्यापेक्षा जवळपास तिप्पट असतो, त्यामुळे तोंडाच्या पोकळीतले फॉर्मंट वर सरकतात. स्वरतंतूंच्या कंपनांची गती मात्र फारशी बदलत नाही. तो माणूस त्या अवस्थेत गायला तर साधारण त्याच सुरात गाईल. आवाज बदकासारखा झाला आहे तो टॅम्बर बदलल्यामुळे. इंग्रजीत अशा ठिकाणी पिच हा शब्द वापरलेला दिसला तर तो चुकीचा आहे असे बेधडक समजा.

असेच दुसरे उदाहरण टेलिफोनचे. जुन्या टेलिफोन यंत्रणेतून साधारण ३०० ते ३४०० हर्ट्‌झ एवढाच पट्टा जातो. पुरुषाच्या बोलण्यातला मूळ स्वर शंभर-सव्वाशे हर्ट्‌झच्या घरात, म्हणजे तो पोचतच नाही. पण उरलेल्या उपस्वरांवरून मेंदू उंची अचूक भरून काढतो, म्हणून पिच बदलल्यासारखी वाटत नाही. आवाज पातळ, डबीतला वाटतो. पिच शाबूत राहून टॅम्बर कसे झिजते ते इथे नीट कळते.

आता शेजारच्या शब्दांकडे येऊ. पिच म्हणजे स्वराची उंची. लाउडनेस म्हणजे आवाज कानाला किती जोराचा वाटतो ते. यांच्याशी टॅम्बरची गल्लत सहसा होत नाही. घोळ होतो तो 'टोन'शी, कारण टोन हा फार पसरट शब्द आहे. बोलण्यातला भाव म्हणजे टोन: रागाचा, विनवणीचा, तुटक. नुसता स्वर म्हणजेही टोन. आणि गिटारवाले ज्याला टोन म्हणतात ते बहुतेक वेळा टॅम्बरच असते. अमुक गिटारचा टोन जाड आहे असे ते म्हणतात तेव्हा ते भावाबद्दल बोलत नसतात. अक्षरागणिक होणारे बदल सोडले तर माणसाच्या आवाजासाठी कामाचा निकष असा: तीच व्यक्ती क्षणात बदलू शकते तो टोन, आणि तिच्या गळ्याच्या घडणीतून येते, जे तिच्यासोबत सगळीकडे जाते, ते टॅम्बर. तो चिडून बोलला, यात टोन आहे. त्याचा आवाज घोगरा आहे, यात टॅम्बर. रागाने आवाज चिरकला तर टोनने टॅम्बरलाही ओढले असे म्हणता येईल, पण 'अँग्री टॅम्बर' असे लिहू नये, 'अँग्री टोन' लिहावे. 'हाय टॅम्बर' हेही टाळावे. उंची सांगायची असेल तर पिच आहेच.

'रेझोनन्स' म्हणजे अनुनाद, एखाद्या पोकळीने किंवा वस्तूने ठरावीक कंपनांना साथ देण्याची क्रिया. ते टॅम्बर घडण्याचे एक कारण आहे, टॅम्बर नव्हे. 'सोनोरस' हे विशेषण: भरदार, घुमणारा. ते एका प्रकारच्या टॅम्बरचे वर्णन झाले. 'टेक्स्चर' हा शब्द पाश्चात्त्य संगीतात थरांबद्दल वापरतात, एका वेळी किती स्वरधारा चालू आहेत आणि त्या कशा गुंफल्या आहेत. मराठीत आपण टॅम्बर आणि टेक्स्चर दोन्हींना 'पोत' म्हणून मोकळे होतो, तेव्हा भाषांतर करताना मूळ शब्द कोणता आहे हे जरूर पाहावे.

टॅम्बर हे नाम आहे आणि ते बहुधा 'ऑफ' घेऊन येते: द टॅम्बर ऑफ हर व्हॉइस, द टॅम्बर ऑफ द ओबो. अनेकवचन होते, टॅम्बर्स. एखादी रचना अनेक वाद्यांच्या रंगांवर उभी असेल तर तसे लिहितात. त्याच्या आधी विशेषणे येतात ती रिच, वॉर्म, डार्क, ब्राइट, नेझल, मेटॅलिक, रीडी, डिस्टिंक्टिव्ह अशी. यांतली बरीचशी डोळ्यांची, स्पर्शाची विशेषणे कानाला उसनी दिलेली आहेत आणि त्यांच्या मागे मोजता येणारे काहीतरी असते. स्टुडिओत कोणी 'आवाज मडी (गढूळ) वाटतो' म्हणाले की माझा हात २०० ते ४०० हर्ट्‌झच्या पट्ट्याकडे जातो. 'बॉक्सी' (खोक्यातून आल्यासारखा) म्हटले तर त्याच्या थोडे वर. 'हार्श' (कानाला टोचणारा) असेल तर २ ते ५ किलोहर्ट्‌झ. 'वॉर्म' म्हणजे खालचा भाग भरलेला आणि वरचा मऊ. 'ब्राइट' म्हणजे वरचे उपस्वर ठळक. हे आकडे ढोबळ आहेत, माणसामाणसाला बदलतात, पण या विशेषणांना बूड आहे हे लक्षात ठेवले की ती जपून वापरली जातात.

माइकच्या अंतराचे उदाहरण देतो. एकच निवेदक, एकच वाक्य, कार्डिऑइड जातीचा, म्हणजे मुख्यतः समोरचा आवाज घेणारा माइक. हातभर अंतरावरून बोलला तर आवाज जसा आहे तसा येतो. चार बोटांवर येऊन तेच वाक्य हळू म्हटले तर खालची कंपने फुगतात आणि तोच माणूस एकदम भारदस्त, गळ्यात गळा घालून बोलणारा वाटू लागतो. फेडर (जोर कमी-जास्त करायची सरकपट्टी) खाली आणून जोर सारखा केला तरी फरक राहतोच. ऐकणारे म्हणतात, 'याचा आवाज किती खोल आहे.' उंची एका हर्ट्‌झनेही उतरलेली नसते. निवेदनाच्या कामात अर्धा परिणाम याच अंतरावर ठरतो आणि म्हणूनच निवेदकाने वाक्याच्या मध्ये मान हलवली की मी टेक थांबवतो.

आता मराठी. इथे मला सर्वांत जास्त बोलावेसे वाटते, कारण या शब्दाला मराठीत एक नेमका प्रतिशब्द शोधण्याच्या नादात वाक्ये बिघडलेली मी फार पाहतो. 'आवाज' या आपल्या शब्दाच्या पोटात सगळेच आहे. 'आवाज कमी कर' म्हणतो तेव्हा जोर. 'आवाज चढवून बोलू नकोस' यात जोर, उंची आणि टोन तिन्ही. 'आवाज बसला', 'आवाज फुटला', 'आवाजावरून ओळखलं' यांत मात्र निखळ टॅम्बर आहे. इंग्रजी वाक्य असेल की तिच्या आवाजाच्या टॅम्बरवरून त्याने तिला ओळखले, तर मराठीत 'आवाजावरूनच त्याने तिला ओळखलं' एवढे पुरते. 'आवाजाच्या ध्वनिगुणधर्मावरून' असे लिहिले की कथेतला माणूस प्रयोगशाळेत जाऊन बसतो.

संगीतशास्त्राच्या पुस्तकांत नादाचे तीन गुण सांगतात: लहानमोठेपणा, उंचनीचपणा आणि जात. यातली नादाची जात म्हणजेच टॅम्बर. शास्त्रीय संगीताबद्दलचा मजकूर असेल तर 'नादाची जात' किंवा 'नादगुण' बेलाशक वापरावा, वाचकाला तो परिचित असतो. समीक्षेत, ललित लेखनात 'आवाजाचा पोत' चांगला बसतो. ध्वनिमुद्रणाबद्दलच्या लेखात सरळ टॅम्बर लिहावे, पहिल्यांदा येईल तिथे एका वाक्यात अर्थ सांगावा आणि पुढे जावे.

पण बहुतेक ठिकाणी नामाऐवजी विशेषण घेतले की वाक्य जिवंत होते, आणि अशा विशेषणांत मराठी श्रीमंत आहे. घोगरा, भसाडा, चिरका, फाटका, नाकातला, भरदार, बद्द, धारदार ही सगळी टॅम्बरची विशेषणे. मात्र आपली काही विशेषणे दोन गुण एकत्र बांधून येतात. किनरा म्हणजे उंच आणि बारीक, म्हणजे पिचही आणि टॅम्बरही. खणखणीत यात स्पष्टपणा, धातूचा नाद आणि जोर तिन्ही आहेत. टिपेचा आवाज म्हटले की जवळजवळ पूर्णपणे उंची. खर्जातला यात मुख्यतः उंचीच, जरी ऐकणाऱ्याच्या मनात घुमणारेपणाही येतो. दबका हा जोराकडे झुकतो, कापरा हा थरथरीकडे. इंग्रजीत 'डार्क टॅम्बर' असेल आणि कोणी 'खर्जातला आवाज' असे लिहिले तर ते खटकते, कारण उंच पट्टीत गाणाऱ्या गायिकेचा आवाजही डार्क असू शकतो. तिथे 'गडद', 'दाट' किंवा 'भरीव' असे काहीतरी हवे. 'काळसर आवाज' मात्र नको. रंगाचा शब्द रंगाच्याच शब्दाने उतरवला की मराठी कानाला काहीच ऐकू येत नाही.

'रीडी' आणि 'ब्रेदी' ही दोन विशेषणे नेहमी अडवतात. रीडी म्हणजे पातीच्या वाद्यासारखा, किंचित चिरत जाणारा, नाकाकडे झुकलेला. शहनाईसारखा असे लिहिले तरी चालते. ब्रेदी म्हणजे ज्यात स्वरासोबत श्वासाची हवा ऐकू येते असा. त्याला 'श्वासमिश्रित' असा कोरडा शब्द मी वापरत नाही, 'हवा मिसळलेला आवाज' असे लिहितो. निवेदक आणि गायकही बोलताना असेच म्हणतात.

राहिला अलंकारिक वापर. इंग्रजीत कधी कधी लेखनाच्या किंवा वादविवादाच्या टॅम्बरबद्दल बोलतात. एखाद्या लेखकाच्या शैलीत जे त्याचे आणि त्याचेच असे ओळखू येते त्यासाठी हा वापर मला योग्य वाटतो. वादविवादाची धार, तापमान, सूर सांगायचा असेल तर इंग्रजीतही टोन किंवा टेनर (एकंदर रोख) हेच शब्द बरे. मराठीत पहिल्या अर्थी 'लेखणीचा बाज' आणि दुसऱ्या अर्थी 'चर्चेचा सूर' असे सरळ लिहावे. विशेषणरूप हवे असेल तर ते 'टॅम्ब्रल' असे होते. तांत्रिक लेखनात ते ठीक, कथा-कादंबरीत शक्यतो टाळावे.